‘सरकारी कामात अडथळा’ लागला म्हणजे नेमकं काय लागलं?

घाटंजी तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चुलत्याशी भांडण झालं, त्यात लहान भावाच्या हातातला विळा चुलत्याच्या दंडाला लागला. चुलत्याने ठाण्यात रिपोर्ट दिला. त्याच रात्री साडेनऊला बीट जमादार आणि एक शिपाई मोटारसायकलवर घरी आले. जमादार वर्दीत, शिपाई साध्या कपड्यात. भाऊ जेवत होता. शिपायाने मनगट धरून उठवलं, भावाने हात झटकला, ओढाताण झाली, ६३ वर्षांची आई मध्ये पडली आणि तिने जमादाराची बाही धरून ठेवली. तेवढ्यात भाऊ मागच्या दाराने वावरात पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुन्हा दाखल झाला: भारतीय न्याय संहितेची कलमं १३२, १२१(१), २६२, २६३, २२१ आणि ३(५). आरोपी तीन: लहान भाऊ, आई आणि स्वतः प्रश्न विचारणारा, जो त्या रात्री कापूस घेऊन जिनिंगवर होता. भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. मुख्य प्रश्न तीन: शिक्षा किती, आईला अटक होईल का आणि भरतीचं काय.

मी याच जिल्ह्यात तालुका कोर्टात २६ वर्षं फौजदारी काम करतो. अशी फाईल वर्षाला चार-पाच तरी येतेच आणि जवळपास प्रत्येकीत गोष्ट हीच असते. मूळ भांडण लहान असतं. धुरा, गोठ्याचं पाणी, बोंडाच्या चोरीचा संशय. त्यात होणारी शिक्षाही लहान. मग पोलीस दारात आल्यावर जी अर्ध्या मिनिटाची झटापट होते, तिच्यातून मूळ गुन्ह्यापेक्षा जड प्रकरण उभं राहतं. तुमच्याकडे तेच झालं आहे. विळ्याच्या जखमेचं प्रकरण साधी दुखापत असेल तर कलम ११८(१) मध्ये जाईल, जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि दाराशी जे झालं त्यात आता पाच वर्षांपर्यंतचं कलम येऊन बसलं आहे.

आधी कलमं एकेक करून पाहू, कारण गावात सगळ्यांना मिळून एकच नाव असतं, ‘तीनशे त्रेपन्न’. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला जुनी दंडसंहिता लागत नाही, न्याय संहिता लागते. जुनं ३५३ आता १३२ झालं आहे.

२६२ हे अटकेला विरोध करण्याचं खास कलम आहे, जुनं २२४. ज्याला पकडायचं आहे त्याने स्वतःच्या कायदेशीर अटकेला विरोध केला, बेकायदा अडथळा आणला किंवा कायदेशीर ताब्यातून पळाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि ही शिक्षा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेखेरीज वेगळी असते, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे. हे कलम जामीनपात्र आहे. २६३ हे दुसऱ्याच्या अटकेला आडवं येणाऱ्यासाठी. त्याची शिक्षा मूळ आरोपीवर कोणता गुन्हा आहे त्यावर चढत जाते. साध्या गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत. ज्याला सोडवायला गेलात त्याच्यावर जन्मठेपेचा किंवा दहा वर्षांचा गुन्हा असेल तर तीन वर्षांपर्यंत, फाशीचा असेल तर सात. म्हणजे खुनाच्या आरोपीला जीपमधून उतरवून घेणारा मेहुणा आणि तुमची आई एकाच कलमात असले तरी एकाच पायरीवर नाहीत. आई पहिल्या पायरीवर आहे.

२२१ हे सगळ्यांत हलकं: सरकारी कामात अडथळा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात एक गंमत आहे. या कलमाची दखल कोर्ट पोलिसांच्या नेहमीच्या दोषारोपपत्रावरून घेऊ शकत नाही, त्या सरकारी नोकराने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टात लेखी तक्रार द्यावी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा, कलम २१५). बरेचदा ती दिलेलीच नसते. तुमच्या वकिलाला पहिल्याच पेशीला हे तपासायला सांगा.

आता जड दोन. १३२ म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्य करण्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, पण अजामीनपात्र. लोक शिक्षेचा आकडा पाहून निश्चिंत होतात आणि जामिनाच्या रकान्यात अडकतात, ते इथेच. १२१(१) म्हणजे त्याच हेतूने इजा करणं, पाच वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. हाड मोडलं किंवा अशी गंभीर दुखापत झाली तर १२१(२): कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा, आणि खटला सेशनमध्ये. तुमच्याकडे ते नाही.

जुनी प्रकरणं ज्यांची चालू आहेत त्यांच्यासाठी एक ओळ. जुन्या ३५३ आणि ३३२ ची शिक्षा महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती करून २०१८ पासून पाच वर्षांपर्यंत नेली होती आणि ते खटले सेशनकडे दिले होते. २०१८ ते जून २०२४ या काळातल्या घटनेला ते लागू राहील. म्हणून शेजारच्याला ‘सेशन’ झालं आणि तुम्हाला जेएमएफसी (प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टाची तारीख आली, तर गोंधळून जाऊ नका.

आता खरी मेख. २६२ मध्ये ‘कायदेशीर अटक’ हे शब्द आहेत आणि १३२ मध्ये ‘कर्तव्य बजावताना’. मग अटकच बेकायदेशीर असेल तर विरोध केलेला चालतो का? गावात याचं उत्तर छातीठोक दिलं जातं: ‘वारंट नव्हतं ना, मग काहून गेला त्याहीच्या संग?’ हे उत्तर दोन ठिकाणी चुकतं.

एक, दखलपात्र गुन्ह्यात वारंट लागतच नाही. विळ्याची जखम दखलपात्र आहे. नुसती चापट-बुक्की असती तर अदखलपात्र, ज्याला आपण एनसी म्हणतो, त्यात मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपासही नाही आणि वारंटाशिवाय अटकही नाही. तसं असलं तरी ठाणेदार प्रतिबंधक म्हणून उचलू शकतो, जुनं १५१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १७०, पण चोवीस तासांच्या आत. दोन, अटकेत कायद्याची चूक असली म्हणून हात उचलायचा अधिकार आपोआप मिळत नाही. न्याय संहितेचं कलम ३७ सांगतं की सरकारी नोकर आपल्या पदाच्या नात्याने सद्भावनेने काही करत असेल, तर ते काटेकोरपणे कायद्यात बसत नसलं तरी त्याच्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क नाही. अपवाद एकच, त्याच्या कृतीने जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर. मनगट धरणं त्यात बसत नाही.

पण त्याच कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे आणि तुमच्या प्रकरणात ते कामाचं आहे. समोरचा माणूस सरकारी नोकर आहे हे तुम्हाला माहीत नसेल, किंवा तसं समजायला कारण नसेल, तर हा बंद दरवाजा तुमच्यासाठी उघडा असतो. मनगट धरलं साध्या कपड्यातल्या शिपायाने. भावाने त्याला आधी ओळखलं होतं का? जमादार त्या क्षणी कुठे होता, आत की अंगणात मोटारसायकलीपाशी? लाईट होती का? कायदा पोलिसाला अटक करताना नावाची ठळक पट्टी लावायला सांगतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६). हे चार-पाच मुद्दे आज, आठवण ताजी असताना, घरातल्या प्रत्येकाकडून वेगवेगळे लिहून घ्या. एकत्र बसून लिहू नका. एकत्र बसून लिहिलेली आठवण उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. आणि हेही खरं बोलू: जमादार बीटचा असेल, पोळ्याच्या बंदोबस्ताला दरवर्षी तुमच्या गावात उभा राहत असेल, तर ‘ओळखलं नाही’ हे शिपायापुरतंच चालेल, जमादाराबद्दल नाही. आईने बाही धरली ती जमादाराची.

पळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर माझी स्वतःची एक केस आहे आणि वकिलांमध्येही याबद्दल ढिलेपणा दिसतो.

कायद्यात अटक होते ती अंगाला हात लावल्याने किंवा माणसाला अडवून धरल्याने, नाहीतर त्याने बोलून किंवा वागण्याने ‘चला’ म्हटल्याने. नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३. त्याआधी अटक नाही, म्हणून ताबाही नाही, आणि ताबा नाही तर ताब्यातून पळणंही नाही. २०११ ची गोष्ट. बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा, एक पोरगा. आमच्या भागातल्या पारध्यांच्या बेड्यावर पोलिसांची जीप दिसली की निम्मी माणसं पऱ्हाटीत (कपाशीच्या वावरात) पळतात. गुन्हा केला म्हणून नाही, आजा पळायचा आणि बाप पळायचा म्हणून. तसा हाही पळाला. मागे एक हवालदार धावला, अंधारात नाल्याच्या काठावर घसरला आणि त्याचं कोपर फुटलं. पोरावर ३५३, ३३२ आणि २२४ लागले. उलटतपासणीत मी हवालदाराला विचारलं, तुम्ही आरोपीला हात लावला होता का? नाही, म्हणाला, तो आम्हाला पाहूनच पळाला. ‘तुला अटक करतो’ असं त्याला बोललात का? ‘बोलायला वेळच कुठं भेटला साहेब.’ कोपर कशाने फुटलं? पडलो. कोणी ढकललं? यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘अंधार होता.’ माणूस सरळ होता, खोटं बोलवेना त्याला. पोरगा तिन्ही कलमांतून सुटला. पण कधी? २०१८ मध्ये. सात वर्षं पेश्या. मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून, कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर उकिडवं बसून.

तुमच्या भावाचं असं नाही. त्याचं मनगट धरलं गेलं होतं, म्हणजे हात लागला होता. मग तो झटकून पळाला. सरकारी वकील म्हणेल की अटक झाली होती. आपल्याकडे प्रश्न राहतो तो एवढाच, की ‘तुला अमुक रिपोर्टवरून अटक करतो आहे’ असं कोणी म्हटलं का. अटकेची कारणं सांगणं बंधनकारक आहे, राज्यघटनेच्या कलम २२(१) पासून. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, ही कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायला हवीत असं सगळ्या गुन्ह्यांसाठी सांगितलं. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून रिमांडपूर्वी किमान दोन तास आधी लेखी. रात्री जेवणावरून न बोलता उठवणं यात कितपत बसतं, हा आपला मुद्दा.

आणि त्याही आधीचा मुद्दा: इतक्या घाईने अटक करायची गरज होती का? सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं आणि अटकच करायची असेल तर कारणं कागदावर लिहायची, हे कायद्यात आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये त्यावर स्पष्ट निर्देश दिले आहेत. तीन वर्षांच्या गुन्ह्यासाठी रात्री साडेनऊला दारात येणं हे त्या निर्देशांशी जुळवून दाखवणं पोलिसांना जड जाईल. मात्र ‘रात्री अटक करताच येत नाही’ असं जे सांगितलं जातं ते पुरुषांना लागू नाही.

मी पोलिसांच्या बाजूनेही दोन शब्द लिहितो, कारण नाहीतर उत्तर एकांगी होईल. त्या जमादाराकडे पन्नासेक गावं असतील, पेट्रोलचे पैसे खिशातले असतील आणि सकाळी चुलता ठाण्यात बसून ‘अजून उचलला नाही का’ विचारत असेल. पळालेला आरोपी म्हणजे त्याच्यासाठी मेमो. मग तो स्वतःला वाचवण्यासाठी जी फिर्याद लिहितो, तिच्यात कॉलर धरलेली असते आणि वर्दीचं बटण तुटलेलं असतंच. २६ वर्षांत बटण न तुटलेली फिर्याद मी क्वचित पाहिली. तुमच्याही फिर्यादीत आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. तर मग विचारा: शर्ट जप्त केला का? पंचनामा झाला का? पंच कोण, पोलीस पाटील की ठाण्यासमोरचा पानठेलेवाला? एका प्रकरणात फिर्यादीत ‘बाहीचा कफ फाडला’ असं होतं आणि कोर्टात मुद्देमालाच्या पाकिटातून निघाला तो अर्ध्या बाहीचा शर्ट. मी काही बोललोच नाही, नुसता शर्ट उलगडून टेबलावर ठेवला.

तुमच्या प्रकरणात सगळा डोलारा ज्या कलमावर उभा आहे ते १२१(१). त्यासाठी इजा लागते, तीही जाणूनबुजून केलेली. ओढाताणीत खरचटलं तर वेगळं, मारलं तर वेगळं. ग्रामीण रुग्णालयाचं प्रमाणपत्र कोणत्या वेळेचं आहे ते पाहा. घटना रात्री साडेनऊची आणि तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारची असेल, तर मधल्या वेळात काय झालं याचं उत्तर त्यांनी द्यायचं आहे. हे कलम गळालं की पुष्कळ गोष्टी बदलतात, आणि पहिली बदलते ती आईची.

आईचं आता. स्त्रीला अटक करायची तर महिला पोलीसच हात लावू शकते, आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयापूर्वी अटक नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. चौकशीसाठीही तिला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या ठिकाणीच जबाब घ्यावा लागतो (त्याच संहितेचं कलम १७९). बाई आणि पोलीस ठाणं यांबद्दल कायदा उगाच सावध नाही. १९७२ मध्ये आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण झालं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये ती रद्द केली, आणि सोडताना तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत यावर भर दिला. देशभर संताप झाला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. प्रतिकार केला तर गुन्हा आणि नाही केला तर संमती, अशा कात्रीत पोलीस ठाण्यातली बाई एकदा सापडली होती. म्हणून आईला कोणी ‘जरा ठाण्यात चल, सही करायची आहे’ म्हणालं तर तिने घरीच थांबावं आणि ‘इथंच घ्या जबाब’ म्हणावं. हा विरोध नाही, तिचा हक्क आहे.

आणखी एक तरतूद आहे जी नव्या कायद्यात आली आणि ठाण्यातही पुष्कळांना ठाऊक नाही. कलम ३५(७). गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा अशक्त असेल, तर डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही. आईचं वय ६३. १३२ दोन वर्षांचं, २६३ दोन वर्षांचं. दोन्हीत हे संरक्षण मिळतं. १२१(१) पाच वर्षांचं, त्यात मिळत नाही. फिर्यादीत आईने काय केलं म्हटलंय? ‘बाही धरून ठेवली.’ बाही धरल्याने इजा होत नाही. तिला ३(५) च्या समान इराद्याखाली १२१ मध्ये ओढलं आहे. अटकपूर्व जामिनाच्या अर्जात तिचा परिच्छेद वेगळा लिहायला सांगा, सगळ्यांचा एकच गोळा करू नका. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असेल (आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीलाच जन्मल्या आहेत) तर सोबत मतदार यादीचा उताराही ठेवा.

तुमचं स्वतःचं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत लवकर बिघडणारं आहे. तुम्ही जिनिंगवर होता. काटापट्टीवर गाडी नंबर, वजन आणि वेळ छापलेली असते. ती मूळ पट्टी जपून ठेवा, ती थर्मल कागदाची असेल तर शाई उडते, म्हणून आजच तिचा फोटो आणि झेरॉक्स काढा. जिनिंगच्या गेटवर कॅमेरा असेल तर मालकाला लेखी अर्ज देऊन त्या रात्रीचं रेकॉर्डिंग जपायला सांगा, खासगी कॅमेऱ्यात ते पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं. ठाण्याच्या कॅमेऱ्याचं वेगळं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावून रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायला सांगितलं आहे, तेवढी सोय नसेल तिथेही किमान एक वर्ष. जमादार रात्री ठाण्यात परतला तेव्हा त्याच्या अंगावर शर्ट कसा होता, हे त्यात दिसू शकतं. लेखी अर्ज एसपी ऑफिसला द्या आणि पोच घ्या.

शेजारच्या पोराने मोबाईलवर थोडं शूटिंग केलं आहे असं तुम्ही शेवटी घाईत लिहिलंय. ते शेवटी लिहायची गोष्ट नव्हती! तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका आणि क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवू नका. फिरवलेली क्लिप दबते, तिची तारीख-वेळ बदलते. कोर्टात ती द्यायची तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ फोनवरून काढलेलं असेल तर बरं. आधी वकिलाला दाखवा. क्लिपमध्ये आपला माणूसही काहीतरी बोललेला असतो. ‘याद राख, तुले पाहून घेतो’ असं एक वाक्य निघालं तर तीच क्लिप त्यांच्या कामाची होते. एरवी नुसती शिवी किंवा मोठ्याने बोलणं म्हणजे १३२ नव्हे, शब्द एकटे हल्ला होत नाहीत. पण हात उगारून बोललेले शब्द होतात.

जाता जाता दोन गोष्टींबद्दल लिहितो, तुमच्याकडे त्या झालेल्या नाहीत पण आपल्या भागात फार होतात. एक, रेतीचा ट्रॅक्टर. तलाठी किंवा पोलीस आडवा आला आणि ड्रायव्हरने थांबवायच्याऐवजी तसाच रेटला, तर मग १३२ वर भागत नाही, खुनाच्या प्रयत्नाचं १०९ लागतं: दहा वर्षांपर्यंत, आणि इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत. मालक जामीन करून देईन म्हणतो आणि पहिल्या पेशीनंतर फोन उचलत नाही. दुसरी, फवारणीच्या औषधाची बाटली. पोलीस किंवा जप्तीवाले दारात आले की बाटली तोंडाजवळ धरून ‘पाऊल टाकलं तर पितो’ म्हणणं. सरकारी नोकराला काम करण्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणं हा न्याय संहितेत २२६ खाली आता वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. पण कलमाचं सोडा. त्या ओढाताणीत औषध खरंच पोटात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. घरात कोणी अशा मनःस्थितीत असेल तर बाटल्या घरातून हलवा आणि त्याला एकटं सोडू नका.

आता भरती. इथे मी गोड बोलणार नाही. गुन्हा दाखल आहे हे चारित्र्य पडताळणीत निघणारच, तेही पोलीस खात्यातच आणि तेही पोलिसाला ढकलल्याचा. शिक्षा झाली तर वाट जवळपास बंद. निर्दोष सुटला तरी ‘संशयाचा फायदा’ देऊन सुटला की पुराव्याअभावी की आरोपच खोटा ठरून, हे खातं पाहतं आणि पाहायचा त्याला अधिकार आहे. पण साक्षांकन फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना कोरा सोडणं ही त्याहून मोठी चूक. माहिती दडवल्याबद्दल काय करायचं यावर सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा सविस्तर निकाल आहे, आणि खरं लिहिणाऱ्याच्या बाजूने बोलायला त्यात जागा आहे, लपवणाऱ्याच्या बाजूने फार कमी. त्याला लिहायला लावा: गुन्हा क्रमांक, कलमं, प्रलंबित. वय वीसच्या आत-बाहेर असेल आणि पहिलाच गुन्हा असेल तर दोषी ठरल्यासही परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ खाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडण्याची मागणी करता येते. आमच्या कोर्टात अशा प्रकरणांत तुरुंगात पाठवलेले मी फार थोडे पाहिले. बहुतेक ठिकाणी दंड, कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा किंवा बंधपत्र. हा माझा अनुभव आहे, हमी नव्हे.

‘ठाणेदाराशी बोलून मिटवता येईल का’ असंही विचारलं आहे. चुलत्याशी जरूर बसा, पोलीस पाटलाला मध्ये घ्या, धुऱ्याची मोजणी लावून टाका. त्याने मूळ प्रकरण मवाळ होईल. पण १३२ आणि २६२ आपसात मिटणारी कलमं नाहीत, फिर्यादी पोलीस स्वतः ‘माफ केलं’ म्हणाला तरी नाही. ते रद्द करायचं तर नागपूर खंडपीठात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली जावं लागतं. ‘मी मिटवून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो काय मिटवणार आहे ते त्याला कागदावर लिहून मागा.

पैशांची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. आईसाठी तर मिळतोच. १५१०० हा फोन नंबर आहे.

राहिला भाऊ. तो अजून जागलीवर (वावरात राखणीला) झोपतो आणि दिवसा नातेवाइकांकडे फिरतो, असं तुम्ही लिहिलं आहे. हे लांबवू नका. वारंट निघून तो सापडला नाही तर कोर्ट फरारीचा जाहीरनामा काढू शकतं, त्यात हजर व्हायला किमान तीस दिवस देतात, आणि तरी न आल्यास तो न्याय संहितेच्या २०९ खाली आणखी एक गुन्हा, तीन वर्षांपर्यंत. शिवाय जामिनाच्या अर्जावर सरकारी वकिलाचं पहिलं वाक्य हेच असतं की आरोपी पळून गेला आहे. सेशन कोर्टात तिघांचा अटकपूर्व अर्ज (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८२) या आठवड्यात टाका आणि अंतरिम संरक्षण मागा. ते मिळालं की वकिलासोबत, दिवसा, आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात हजर व्हा आणि स्टेशन डायरीत नोंद करून मागा. नाही मिळालं तर थेट कोर्टात शरण जा. मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर मारहाण झाली असेल तर तेव्हाच, तोंडाने, स्वतः सांगायचं. वकील सांगेल म्हणून थांबायचं नाही. आणि ठाण्यात कोणी पुन्हा मनगट धरलं तर हात सैल सोडायचा. ‘मी येतो आहे, कारण लिहून द्या, माझ्या भावाला फोन करा,’ एवढी तीन वाक्यं त्याच्याकडून घरी पाठ करून घ्या. जामीनदारासाठी सातबारा लागेल, तो धुऱ्याचा वाद नसलेल्या वावराचा आणा.